भगर : मोरधन पहा

विहीणबाईंनी तोंडातला खडा या गालातून त्या गालात सरकवला, डोळे किंचित मिटले आणि म्हणाल्या, "तुमच्याकडची खडीसाखर काही वेगळीच आहे हो!"

लेकीच्या सासरची, ग्वाल्हेरची माणसं. ताटात काय पडलं तरी यजमानाला कळू द्यायचं नाही ही त्यांची अदब. व्याह्यांनी तर भिडेखातर दुसराही खडा उचलला. बरणीवर माझ्याच हातचं लेबल होतं, ठळक अक्षरात, 'खडीसाखर'. आत तुरटी होती.

इथवर पोचायला मला अडीच महिने लागले.

मार्चअखेर मी निवृत्त झालो. 33 वर्षं इंदूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. पुस्तकाच्या पाठीवर खालून इंचभर जागा सोडून चिठ्ठी चिकटवायची आणि तिच्यावर आकडा घालायचा, हे काम मी इतक्यांदा केलं आहे, की जेवताना समोरच्या पोळीवरही माझी नजर खालून इंचभर जाते. निवृत्तीनंतर आठवड्याभरात ही लेकीकडे पुण्याला गेली, पंधरा दिवसांसाठी. मुलगा आणि सून सकाळी नऊला सुपर कॉरिडॉरच्या दिशेने निघून जातात. घरात मी आणि आई. आईचं वय 84, आणि तिला अकराच्या ठोक्याला उपमा लागतो.

हिला फोन केला. "रवा कुठे आहे?"

"मामांच्या डब्यात."

"कोणाच्या मामांच्या?"

"अहो, तुमच्याच. महूच्या."

महूचे मामा जाऊन वीस वर्षं झाली. त्यांच्याकडे रवा ठेवायला दिला असण्याची शक्यता नव्हती. मी म्हटलं, "अगं, नीट सांग." तर म्हणाली, "नीटच सांगते आहे. देवासच्या आत्यांच्या शेजारी. काकांच्या मागे." आणि तिकडे कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला.

चष्मा लावून मांडणीसमोर उभा राहिलो तेव्हा उलगडा झाला. आमच्या लग्नात स्टीलचे सतरा डबे आले होते आणि प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं होतं. 'चि. सौ. कां. हिस महूच्या मामांकडून सप्रेम, 11-5-1989.' त्या काळी बर्तन बाजारात डबा घेतला, की दुकानाच्या पायरीवर बसलेला माणूस छिन्नी-हातोडीने ठिपके ठिपके काढून नाव घालून द्यायचा. पुढे टर्रर्र वाजणारं यंत्र आलं. नाव घातल्याशिवाय भांडं आहेरात देत नसत, कारण एक तर पंगतीला उसनं गेलेलं भांडं परत यावं, आणि दुसरं म्हणजे कोणी केवढ्याचं दिलं ते पुढच्या तीन पिढ्यांना कळावं. मी हे डबे 36 वर्षं बघत होतो. वाचले कधीच नव्हते.

तर हिची सगळी व्यवस्था नातेवाइकांवर उभी आहे. मामा म्हणजे रवा, धाकटे काका तूरडाळ, खांडव्याची मावशी साखर. देवासच्या आत्याच्या डब्यात मेथ्या. लग्नात आत्या शालूच्या रंगावरून काहीतरी बोलल्या होत्या. त्यांच्या डब्यात आजवर एकदाही गोड पदार्थ गेलेला नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

बरं, ही व्यवस्था एका माणसाच्या डोक्यात. ते डोकं पुण्याला गेलं, की घर उपाशी. आम्हा ग्रंथालयवाल्यांच्या दृष्टीने हा गुन्हाच. मी विक्रम विद्यापीठात शिकलो. उज्जैनला. तिथे 1957 ते 1959 खुद्द रंगनाथन, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक, शिकवायला होते. मी फारच उशिरा पोचलो, पण आम्हाला ते अगदी काल येऊन गेल्यासारखे शिकवले गेले. वाचकाचा वेळ वाचवा, हे त्यांच्या पाच सूत्रांपैकी चौथं सूत्र. त्या दिवशी उपमा दीड वाजता झाला. आईने काही न बोलता तो खाल्ला, ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

मी लेबलांचं यंत्र मागवलं. मुठीएवढं, मोबाइलला जोडायचं. शाई लागत नाही, याचंच मला फार कौतुक वाटलं. मोहरी, हिंग, तीळ एका फटक्यात छापून झाले. जिऱ्याला मात्र त्या यंत्राने ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला दिली. 'जरिे' असं काहीतरी बाहेर आलं. मिरीचं 'मरिी'. पंधरा वेळा प्रयत्न करून मी दोन्हींना दीर्घ वेलांटी दिली आणि 'जीरे' नि 'मीरी' छापले. शुद्धलेखनाच्या बाबतीत आयुष्यात केलेली ही माझी पहिली तडजोड, आणि तीही फोडणीसाठी.

दुपारपर्यंत सोपे डबे संपले. मग भाजणी आली.

रंगनाथनांनी 1933 साली द्विबिंदू वर्गीकरण, म्हणजे पुस्तकं विषयवार लावायची पद्धत, मांडलं. त्यात कुठल्याही विषयाची पाच अंगं असतात: व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, स्थल आणि काल. परीक्षेला हे पाठ केलं होतं, पण त्याची खरी गंमत भाजणीचा डबा हातात घेतल्यावर कळली. व्यक्तित्व, चकलीची भाजणी (थालीपीठाची नव्हे, ती वेगळी). पदार्थ, तांदूळ, हरभराडाळ, उडीद, मूग, धणे. ऊर्जा, मंद आचेवर भाजणे. स्थल, रामबागेतली चक्की. काल, गेली दिवाळी. मी सगळं छापलं. पट्टी डब्याभोवती फिरून पुन्हा स्वतःला येऊन मिळाली आणि 'गेली दिवाळी'तली 'दिवाळी' 'व्यक्तित्वा'च्या खाली गेली. डबा सुंदर दिसत होता. सुनेने संध्याकाळी तो फिरवून फिरवून वाचला आणि विचारलं, "बाबा, याच्यात काय आहे?"

शेवेवर मात्र मी हरलो. 'शेव' असं एक लेबल लावून मी सगळ्या शेवा एका मोठ्या बरणीत घातल्या. मुलगा घरी आला, बरणी बघितली आणि खुर्चीत बसला. कोणीतरी गेल्यासारखा. इंदुरात वाढलेल्या माणसाला पोह्यांवरची बारीक शेव, लौंग शेव आणि रतलामी एकत्र दिसणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. रात्री बारापर्यंत तो ताटात शेव निवडत होता. वर पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावणाची पुडीही मी 'मसाले, इतर' मध्ये टाकली होती. "इतर?" एवढंच म्हणाला.

आणि मग भगर. हा उपवासाचा पदार्थ. आई त्याला भगर म्हणते, पुण्याची सून वरई, आणि ही जन्मापासून इंदूरची, म्हणून मोरधन. एका पदार्थाला तीन नावं आली, की कार्डपेटीत काय करतात ते मला ठाऊक होतं. एक नाव मुख्य धरायचं आणि बाकीच्यांच्या जागी 'पहा' असं कार्ड लावायचं. घरात मुख्य कोण याबद्दल संशय नसल्याने मोरधन मुख्य धरलं. आता कार्ड लावायला काहीतरी हवं, म्हणून दोन रिकाम्या बरण्या अकारविल्हे जागी ठेवल्या. एकीवर 'भगर : मोरधन पहा', दुसरीवर 'वरई : मोरधन पहा'. चतुर्थीला सून 'वरई' उघडून रिकाम्या बरणीत बघत उभी होती. मी म्हटलं, "अगं, वाच ना." ती म्हणाली, "वाचलं बाबा. पण मोरधन म्हणजे काय?"

ही परत आली. स्वयंपाकघर बघितलं. मी मागे उभा होतो, काहीतरी बोलेल म्हणून. "छान केलंत," म्हणाली आणि पदर खोचून कामाला लागली. महिनाभराने माझ्या लक्षात आलं, की तिने एकही लेबल वाचलेलं नाही. हात आपसूक मामांकडे, काकांकडे जातो. स्वयंपाकाच्या बाई तर वाचतच नाहीत. त्यांना मी एकदा लेबलांचा उपयोग समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाबूजी, म्हारे तो डब्बो देखी ने समज पडे." पोचा आलेला तो मैदा, कडी तुटलेला तो पोहे. माझी लेबलं वाचणारा वाचक घरात एकच होता, आणि लेखकही तोच.

मे महिन्यात लेबलं काळी पडायला लागली.

शाई लागत नाही म्हणून ज्याचं कौतुक केलं, त्याचं कारण असं, की त्या कागदावरच एक थर असतो आणि उष्णता लागली की तो काळा होतो. यंत्र फक्त चटके देतं, अक्षराच्या आकाराचे. पण चटके द्यायला यंत्रच हवं असं थोडंच आहे? शेगडीच्या वरच्या फळीवर इंदूरचा मे आणि पुऱ्यांची कढई या दोघांनी मिळून उरलेलं छापून टाकलं. मोहरी, हिंग, जीरे, सगळ्यांवर एकसारखी काळी पट्टी. खिडकीजवळच्यांचं उलटं झालं. ऊन आणि तेलाचे हात लागून ती पांढरी पडली. फ्रीजमधली ओल येऊन गळाली आणि आल्याच्या पेस्टवरचं लेबल दोन दिवसांनी दुधाच्या पिशवीवर सापडलं. जी टिकली ती झाकणांवरची, आणि तीच सगळ्यांत घातक. झाकणावर लेबल लावू नये, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या धंद्यात पुस्तकांची मुखपृष्ठं घासायला काढून, पालथी घालून, मग हाताला येईल त्या पुस्तकावर बसवत नाहीत. इथे रोज बसवतात. पिठीसाखर मिठावर गेली, मीठ खायच्या सोड्यावर, आणि सोडा कुठे गेला ते सोमवारच्या ढोकळ्याने सांगितलं.

उरलेली लेबलं खरवडून मी कचरागाडीकडे गेलो. 2017 ते 2023 सलग सात वर्षं आमचं शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं. कचरा दारातच सहा प्रकारांत वेगळा घेतात. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा आणि घातक. मी मूठ पुढे केली. सफाईमित्राने चिकट गोळा बोटांनी ताणून बघितला. एका बाजूला कागद, एका बाजूला डिंक, मधे डब्याचा तेलकटपणा, वर थोडा मैदा. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसा मी 33 वर्षं विषय न सांगता पुस्तक मागणाऱ्या मुलांकडे बघत आलो. मग गोळा सुक्यात टाकला. चार सेकंदांत. पूर्ण शहराच्या कचऱ्याचं वर्गीकरण होतं, पण माझ्या किराण्याचं होत नाही.

पाण्याच्या गाळणीशेजारची काचेची बरणी तेवढी वाचली होती. तिथे ना ऊन, ना वाफ. लेबल नव्यासारखं कोरं करकरीत. पांढरे खडे बघितल्याबरोबर मी एप्रिलात ते छापलं होतं. चाखून बघितलं नव्हतं. मुखपृष्ठ बघून पुस्तकाचं वर्गीकरण करणाऱ्या किती साहाय्यकांना मी फैलावर घेतलं असेल!

जूनमध्ये विहीण-व्याही आले. जेवणं झाली. ही आतून म्हणाली, "अहो, बडीशेप आणि खडीसाखर आणता का?" लग्नानंतर पहिल्यांदाच मी "कुठे आहे?" असं विचारलं नाही. ताठ मानेने गेलो, लेबल वाचलं आणि वाटी भरून आणली.

ते गेल्यावर हिने एक खडा जिभेला लावला आणि तो वाटीत परत ठेवला. "खडीसाखर देवघरात असते," म्हणाली. "सगळ्यांना माहीत आहे."

मी गप्प. बऱ्याच वेळाने विचारलं, "निवृत्तीच्या दिवशी कॉलेजातल्या लोकांनी मला नाव कोरलेला डबा दिला होता. तो दिसला नाही कुठे."

"आहे की. तुमच्या मागे, सगळ्यात वर."

स्टुलावर चढलो. माझं नाव, खाली 'ग्रंथपाल', खाली तारीख. अक्षर झकास. जरा अपेक्षेनेच उघडला. केशर नाही तर निदान वेलदोडे तरी असतील.

आत झाकणं होती. ज्यांचे डबे सापडत नाहीत, अशी.