पाचवी साडी खाली पडते, आणि फोन मला येतो!

इंदूरच्या राजवाड्याजवळच्या साडीवाल्या शेठचा रात्री साडेदहाला फोन: "भिया, पाँचवीं साड़ी नीचे गिर गई!" लॅपटॉपवर त्याची वेबसाइट उघडली. चार माहेश्वरी साड्यांची कार्डं एका ओळीत, पाचवी एकटी खाली. काम आधीच्या एजन्सीचं, निस्तरायचं मी.

अरे, बूटस्ट्रॅप ५ मध्ये, म्हणजे वेबपानं मांडायच्या तयार CSS साच्यात, पाच कॉलमसाठी 'रो-कॉल्स-एलजी-५' हा तयार क्लास आहे. तो लावला की झालं! त्याची ग्रिड बारा कॉलमची, आणि बाराला पाचाने भाग जात नाही म्हणून रडायचं कारणच नाही. पण या महाभागांनी प्रत्येक कार्डाला २० टक्के विड्थ दिली, वर इम्पॉर्टंट (बाकीचे नियम दाबणारा शिक्का) ठोकलं आणि रोला, म्हणजे कार्डांच्या ओळीला, २४ पिक्सेलचा गॅप. पाच विसे शंभर! मग मधल्या चार फटींचे ९६ पिक्सेल आणायचे कुठून? फ्लेक्स-रॅप चालू आहे, म्हणजे न मावणारं पुढच्या ओळीत जातं; पाचवं कार्ड खाली जाणारच. गटर, म्हणजे कॉलममधली मोकळी जागा, तर कॉलमच्या आत पॅडिंग म्हणून आधीपासून असतं. जास्त हवं होतं तर सॅसमधलं (ज्यातून CSS तयार होतं त्या फाइलमधलं) ग्रिड-गटर-विड्थ बदलून कंपाइल करायचं, एका ओळीचं काम. ते सोडून 'कस्टम-फायनल-२' नावाची फाइल! स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे नियम बदलणारी मीडिया क्वेरीही नाही, त्यामुळे ३६० पिक्सेलच्या फोनवरही तेच २० टक्के. दोन बोटांएवढ्या चित्रात साडीचा काठ कोणाला दिसणार आहे?

इम्पॉर्टंटचा मला मनापासून तिटकारा आहे. एकाने लिहिलं की पुढच्याला ते मोडायला आणखी एक लिहावं लागतं, आणि फाइल वाचायच्या लायकीची राहत नाही.

आणि रो कंटेनरबाहेर, म्हणजे बाहेरच्या चौकटीबाहेर, टाकणारे! तिला निगेटिव्ह मार्जिन असतं, पान आडवं सरकणारच. ते दुरुस्त करायचं सोडून यांनी सगळ्यात बाहेरच्या रॅपरला ओव्हरफ्लो हिडन लावलं, म्हणजे बाहेर जाणारं लपवून टाकलं. आता पान सरकवलं तरी वर राहणारा आतला स्टिकी मेनू चिकटत नाही, त्याचीही तक्रार माझ्याकडेच. साडीच्या माहितीच्या पानावर तर साडीचा न तुटणारा लांबलचक कोड नंबर अख्खा कॉलम फुगवतोय. फ्लेक्स आयटमची (इथे त्या कॉलमची) मिन-विड्थ, म्हणजे किमान रुंदी, मुळात ऑटो असते, तिथे शून्य लिहायचं असतं, एवढंही ज्यांना ठाऊक नाही ते लोकांच्या साइट बनवतात कसे?

बरं, याच एजन्सीने त्या शेठकडून "मोबाइल रिस्पॉन्सिव्ह" (फोनवरही नीट दिसणारी साइट) म्हणून वेगळे पैसे घेतलेत. बिल मी स्वतः पाहिलंय.