परूशी म्हणालात, म्हणून एवढं लांब

सलाम.

रविवारी फोन बंद ठेवतो आणि शास्त्र, म्हणजे बायबल, कागदावरच वाचतो, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची चार वाक्यं आली. पहिलं, शब्बाथाचं (विसाव्याच्या दिवसाचं) वचन मी लूकच्या शुभवर्तमानाच्या नावावर घातलं, ते मार्कच्या शुभवर्तमानातलं आहे. दुसरं, रात्रपाळी संपवून निघालेली परिचारिका स्तोत्रं ऐकते ती फोनवरच. तिसरं, डोळे अधू झालेल्यांना फोनवर अक्षर मोठं करता येतं. आणि चौथं : "हे आधुनिक परूशीपण आहे, बाकी काही नाही." परूशी म्हणजे येशूच्या काळातले, धर्मनियम काटेकोर पाळणारे यहुदी; तुमच्या वाक्यात अर्थ, नियमांचा देखावा करणारा ढोंगी.

पहिलं मान्य. 'शब्बाथ मनुष्यासाठी झाला' हे वाक्य मार्क २:२७ मध्येच आहे. शब्बाथ दिवशी शिष्यांनी शेतातली कणसं मोडली, तोच प्रसंग लूकच्या सहाव्या अध्यायात आहे, पण तिथे हे वाक्य नाही. लेखात दुरुस्ती केली आहे. (नव्या करारातल्या वचनांना आज दिसतात ते आकडे रोबेर एतिएन नावाच्या मुद्रकाने १५५१ साली घातले, तेव्हा आकडा चुकला म्हणून प्रभू माझ्यावर रागावणार नाही असं धरून चालतो. पण चूक ती चूक.)

दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्याबद्दल एवढंच, की परिचारिकांनी फोन फेकून द्यावेत असं मी कुठेही म्हटलेलं नाही. लेख पुन्हा वाचा.

आता चौथं.

परूशी हा शब्द आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये फार स्वस्त झाला आहे. कोणी वेळेवर उपासनेला आला की परूशी, कोणी उपास केला की परूशी. शास्त्रातले परूशी एका छापाचे नाहीत. रात्री येशूकडे आलेला निकदेम परूशी होता, आणि प्रभूला कबरेत ठेवताना गंधरस घेऊन तोच आला. प्रेषितांना मोकळं सोडा, असं न्यायसभेला सांगणारा गमलियेल परूशी. प्रेषित पौल तर ख्रिस्ताचा झाल्यावर कितीतरी वर्षांनी भर सभेत म्हणाला, मी परूशी आहे. होतो नव्हे, आहे. प्रेषितांची कृत्ये २३:६. हा संदर्भ मी दोनदा तपासला.

तुम्हाला अभिप्रेत असलेला परूशी मलाही माहीत आहे. पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश मोजणारा, मंदिरात उभा राहून 'मी या जकातदारासारखा नाही' म्हणणारा. पण येशूने सांगितलेल्या त्या दाखल्याची, म्हणजे बोधकथेची, गंमत अशी, की तो वाचून उठणारा प्रत्येक जण मनात म्हणतो, देवा, बरं झालं, मी त्या परूश्यासारखा नाही. तुमचं चौथं वाक्य मला तसंच ऐकू आलं. कडक बोललो असेन. तुम्हीही बोललात.

मी फोन का बंद करायला लागलो ते लेखात लिहिलं नव्हतं, लाज वाटली म्हणून. आता लिहितो. दोन वर्षांपूर्वी प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचा तुकडा माझ्या हातात होता. सगळ्यांना मिळेपर्यंत थांबायचं होतं. खिशात फोन थरथरला आणि डावा हात आपोआप खिशात गेला. उजव्या हातात भाकर, डाव्या हातात विम्याच्या हप्त्याची आठवण. मी आधी ती आठवण वाचली. पूर्ण वाचली, शेवटची तारीख पाहिली आणि मग भाकर तोंडात घातली. शेजारच्या माणसाने पाहिलं आणि मान वळवली. सतरा वर्षं संडे स्कूलमध्ये मुलांना 'डोळे मिटा, हात जोडा' सांगणारा माणूस मी. त्या दिवशी घरी येऊन फोन कपाटात ठेवला. याला परूशीपण म्हणायचं असेल तर म्हणा, पण परूशी स्वतःची अशी गोष्ट सांगत नाही.

लक्ष उडायला फोनच लागतो असंही माझं म्हणणं नाही. त्रोवस गावात पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलं तेव्हा युतुख नावाचा तरुण खिडकीत बसल्या बसल्या झोपला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. तिथे कुठला फोन होता? तो पेंगला, मी आठवण वाचत बसलो. मला माझा इलाज करू द्या ना.

आणि मी यंत्राचा शत्रू नाही. आईच्या शेवटच्या आठवड्यांत तिला पान दिसत नव्हतं. तेव्हा १२१वं स्तोत्र मीच फोनवर लावून तिच्या उशाशी ठेवायचो. संपलं की ती बोट हलवायची, म्हणजे पुन्हा लाव. त्यांतल्या तीन रविवारी मी उपासनेला गेलोच नाही. हा तुमचा तिसरा मुद्दा झाला, कळतंय मला. पण ते आजारपण होतं, आणि लेख आजारपणाबद्दल नव्हता.

राहता राहिली एक गोष्ट. तुमची प्रतिक्रिया रविवारी सकाळी १० वाजून २० मिनिटांनी आलेली आहे. बहुतेक मंडळ्यांत तेव्हा उपासना चालू असते, म्हणून विचारावंसं वाटलं. मी ती पावणेअकराला पाहिली. फोन कपाटातच होता, मी कपाट उघडलं होतं.

प्रतिक्रिया काढणार नाही. पुढच्या वेळी नाव लिहा, निनावी माणसाला 'अहो' म्हणतानाही अडखळायला होतं.