तीन कोटेशन आणा

सीताफळ घरी आणलं की दोन दिवसांत त्याचं काय होतं हे पुरंदर तालुक्यातल्या माणसाला सांगायला नको. सकाळी दगड, संध्याकाळी बरं, आणि दुसऱ्या दिवशी पिशवीच्या तळाला लगदा. तर आमच्या लॅबमध्ये मी आणि माझ्या पीएचडीच्या मुलीने कडुलिंबाच्या डिंकापासून एक पातळ कोटिंग बनवलं, त्यात फळ बुडवून वाळवलं की ते आणखी चारेक दिवस तग धरतं आणि चवीला कडूही लागत नाही. (लागत होतं. तीन वर्षं तेवढंच काढण्यात गेली.) आता पेटंट घ्यायचं, कोणाला तरी द्यायचं, शेतकऱ्याचं भलं आणि आपल्याला चार पैसे, इतका सरळ विचार होता माझा.

पहिला हल्ला जनसंपर्क विभागाकडून. "सर, उद्या पेपरला बातमी देतोय, फोटो पाठवा आणि कोटिंग कसं बनवायचं ते चार ओळीत लिहा ना, लोकांना उपयोगी पडेल." मी हात जोडले. म्हटलं अहो, अर्ज करायच्या आधी कृती छापून आली तर नावीन्य संपलं, मग पेटंट ऑफिस आपलीच बातमी आपल्या तोंडावर मारेल. त्यांना वाटलं मी भाव खातोय. तिकडे पीएचडी विभागाचं पत्र, की व्हायवा (तोंडी परीक्षा) जाहीर घ्या आणि प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या प्रबंधांच्या वेबसाइटवर, चढवा. म्हणजे आमची दोन्ही खाती म्हणतायत जगाला सांगा आणि पेटंटचा कायदा म्हणतोय बायकोलाही सांगू नका. शेवटी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाकायचं ठरलं, त्याने तारीख आपली होते आणि पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात.

अर्जात संशोधकांची नावं लिहावी लागतात. कायद्यानुसार ज्याने खरंच शोध लावला त्याचंच नाव. हे मी विभागप्रमुखांना सांगितल्यावर ते म्हणाले, "बरोबर आहे, कायदा म्हणजे कायदा," आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. डायरेक्टर मॅडम जास्त मोकळ्या. "माझं नाव टाकायची काही गरज नाही हं," म्हणाल्या, आणि मी दारापर्यंत पोचल्यावर, "टाकलंत तर आडनावाचं स्पेलिंग बघा, मागच्या वेळी एका सरांनी एक ए कमी टाकला होता."

मग फी. इथे सरकारचं कौतुक करायलाच हवं, २०२१ पासून शिक्षणसंस्थांना फीमध्ये ८० टक्के सूट आहे, म्हणजे ऑनलाइन अर्जाचे ८००० ऐवजी फक्त १६००. पण ते भरायचे ऑनलाइन आणि आमचं अकाउंट्स सेक्शन देतं चेक. म्हणून मी माझ्या कार्डाने भरले आणि बिल लावलं. फाईल परत. शेरा : 'तीन कोटेशन जोडलेली नाहीत.'

मी गेलो. म्हटलं भाऊसाहेब, ही भारत सरकारची फी आहे.

"असेल ना सर. पण हजाराच्या वरची खरेदी आहे."

"अहो पण पेटंट ऑफिस देशात एकच आहे, दुसरं कोण कोटेशन देणार?"

भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर नेला. "मुंबईला एक आहे ना? अँटॉप हिलला?"

"आहे."

"दिल्लीला?"

"आहे, चेन्नईला पण आहे आणि कोलकात्याला पण, पण ती सगळी एकाच ऑफिसची—"

"मग झाले की चार! तुम्हाला तीनच लागतायत."

हा माणूस चेष्टा करत नव्हता. शेवटी तडजोड अशी निघाली की भारत सरकार हा या वस्तूचा एकमेव पुरवठादार आहे असं प्रमाणपत्र मी माझ्या सहीने द्यायचं. दिलं. भारत सरकारला असं सर्टिफिकेट देणारा मी एकटाच असेन बहुतेक.

यापुढचा भाग मात्र मला मनापासून आवडतो, कारण इथे कायदा खरंच शहाणा आहे. शोधात जैविक सामग्री वापरली असेल तर ती आली कुठून हे स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जातल्या शोधाच्या वर्णनात, लिहावं लागतं, आणि भारतातली असेल तर जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाकडे पेटंट मंजूर व्हायच्या आधी नोंदणी. आधी परवानगीच लागायची, २०२३ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडच्या अर्जदारांना नोंदणीवर भागतं. ही कटकट उगीच नाही. अमेरिकेत हळदीवर दिलेलं पेटंट १९९७ मध्ये रद्द करायला लावलं ते माशेलकर सरांच्या सीएसआयआरने (केंद्राच्या संशोधन परिषदेने), हे आपण शाळेच्या भाषणांत ऐकलंय. कडुलिंबाचं त्यामानाने कमी जणांना माहीत असतं. अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना कडुलिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशकावर १९९४ साली युरोपात पेटंट मिळालं होतं, ते २००० साली रद्द झालं, २००५ ला अपीलही फेटाळलं. आणि त्यात कामी आल्या त्या पुणे आणि सांगली जिल्ह्यांत १९८५-८६ मध्ये शेतकऱ्यांच्या समोर केलेल्या फवारणीच्या चाचण्या! म्हणजे सांगलीकडचे चार शेतकरी बांधावर उभे राहून बघत होते म्हणून म्युनिकच्या युरोपियन पेटंट ऑफिसात पेटंट पडलं. हे वाचून मी खोलीत एकटाच टाळ्या वाजवल्या होत्या.

पण मग तोच प्रश्न माझ्याकडे फिरला. डिंक कुठल्या झाडाचा? खरं उत्तर : विभागाच्या पार्किंगमधल्या. ज्याखाली विभागप्रमुखांची गाडी लागते. मी तसं लिहिलं, अक्षांश-रेखांशासकट. ड्राफ्ट त्यांच्या टेबलवर गेला आणि तासाभरात बोलावणं आलं. "म्हणजे शोधात आपल्या विभागाच्या जागेचा वाटा आहे तर." मी म्हटलं झाडाचा आहे सर. "झाडाला पाणी कोण घालतं?" माळी घालतो, पण माळ्याचं नाव कोणाच्याच यादीत नव्हतं.

पूर्ण अर्ज एकदाचा गेला आणि मग एक चमत्कार झाला. लवकर प्रसिद्धीचा फॉर्म ९ भरला होता, नाहीतर अठरा महिने थांबावं लागतं, त्यामुळे अर्ज पेटंट जर्नलमध्ये छापून आला. छापून आला म्हणजे फक्त छापून आला, कोणी तपासलेलाही नाही, मंजुरी तर फार लांब. पण गेटवर बॅनर! 'पेटंट प्रकाशित झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', पाच फोटो, त्यात माझा कोपऱ्यात. कारण एनआयआरएफच्या (सरकार शिक्षणसंस्थांची क्रमवारी लावतं त्या) तक्त्यात प्रकाशित पेटंटचाही रकाना असतो. रकाना भरला की संस्थेचा रस संपला, आणि माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे, कायद्यात नाही. आकडा सगळ्यांना हवाय, वस्तू बाजारात जावी असं कोणाच्याच जॉब चार्टमध्ये नाही.

कारण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं होतं हो. सासवडकडचे एक काका, फळ पॅक करून मुंबईला पाठवणारे, टेम्पो घेऊनच आले. "सर, किती द्यायचे बोला, सीझन निघून जाईल." त्यांना काय सांगणार? अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातल्या संशोधनाचे हक्क विद्यापीठांना दिले, आपल्याकडे तसंच विधेयक २००८ ला राज्यसभेत मांडलं आणि २०१४ ला मागे घेतलं, त्यामुळे ज्याचं त्याचं धोरण. आमच्या धोरणात लिहिलंय की लायसन्स समिती देईल. समिती म्हणाली, याच पार्टीला का? जाहिरात द्या. जाहिरात दिली, कोणीच आलं नाही, काकाच आले. मग रक्कम कशाच्या आधारे ठरवली असं ऑडिट विचारेल म्हणून कोणी आकडा बोलेना. काकांनीच एक लाख म्हटलं आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पाचशेच्या स्टॅम्पवर करार, त्यावर १८ टक्के जीएसटी, काकांनी सगळं मुकाट्याने भरायची तयारी दाखवली.

आणि अकाउंट्सने पैसे घ्यायला नकार दिला.

"पेटंटच्या उत्पन्नाचा हेड, म्हणजे हिशेबाचं खातं, नाही सर आपल्याकडे. खर्चाचा आहे."

काका टेम्पोच्या चाव्या बोटात फिरवत उभे. भाऊसाहेबांना त्यांची दया आली असावी, कारण त्यांनी जुना रजिस्टर उघडला, दोन-चार हेडवरून बोट फिरवलं आणि पावती फाडली. काका खूश होऊन गेले, त्या सीझनला त्यांचं फळ दादरला व्यवस्थित पोचलं. पावतीवर काय होतं ते मी नंतर पाहिलं : 'रद्दी विक्री व इतर किरकोळ जमा'.

धोरणानुसार त्यातला ठरलेला हिस्सा मला आणि त्या मुलीला मिळायला हवा. मी अर्ज केलाय. त्यावर उत्तर आलंय की विद्यापीठाच्या वार्षिक अहवालात तंत्रज्ञान हस्तांतरणाचं उत्पन्न 'निरंक' असल्याने हिस्सा देण्याचा प्रश्न उद्भवत नाही, आणि रद्दीतला वाटा मागायचा असेल तर आधी स्टोअरकीपरचा ना-हरकत दाखला जोडावा. स्टोअरकीपर सध्या रजेवर आहेत.