म्युझियमच्या वेबसाइटवर कोण आणि कशासाठी येतं?

मुंबईतल्या संग्रहालयांच्या वेबसाइटबद्दल बरेच दिवस मनात साचलंय, आज लिहून टाकते.

वेबसाइट बरी चाललीय की नाही, हे ठरतं महिन्याच्या रिपोर्टवरून. बहुतेक ठिकाणी तो गूगल ॲनालिटिक्सचा, म्हणजे वेबसाइटवरच्या भेटी मोजणाऱ्या गूगलच्या साधनाचा असतो. त्याचा हिशोब असा: भेट 10 सेकंदांहून जास्त टिकली, किंवा निदान दोन पानं उघडली गेली, किंवा तिकीट काढण्यासारखी आपण आधीच ठरवून दिलेली कृती झाली, तर ती भेट 'एंगेज्ड', म्हणजे कामी आलेली. यातलं काहीच नसेल तर 'बाउन्स', म्हणजे आल्यापावली परत.

आता परळची एखादी आई घ्या. मुलांना भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयात न्यायचंय. लोकलमध्ये उभ्याउभ्या फोन उघडते, 'बुधवारी बंद' वाचते आणि फोन पर्समध्ये टाकते. तिचं काम झालं. रिपोर्टमध्ये मात्र ती भेट फुकट गेलेली. आणि वेळ जर गूगलच्या सर्चमध्येच दिसली, तर ती वेबसाइटवर येतच नाही, म्हणजे या रिपोर्टमध्ये मोजलीच जात नाही.

याच्या उलट प्रकार मी शेजारी बसून पाहिलाय. विरारकडच्या शाळेतल्या एक बाई पाचवीची सहल ठरवत होत्या. प्रश्न साधे: बस कुठे लावायची, मुलांनी डबा कुठे खायचा, सवलतीसाठी मुख्याध्यापकांचं पत्र लागतं का. बाईंनी 'कलेक्शन्स' उघडलं. मग 'व्हिजिट'. मग 'एज्युकेशन', तिथे कार्यशाळांचे फोटो. मग एक पीडीएफ, तिची अक्षरं मोबाइलवर इतकी बारीक की बोटांनी मोठी करत एकेक ओळ वाचावी लागली. डब्याचा उल्लेख कुठेच नाही. शेवटी त्यांनी फोन लावला. रिपोर्टच्या दृष्टीने ही भेट उत्तम: भरपूर पानं, भरपूर वेळ! अशा आकड्यांवर मीटिंगमध्ये सगळे खूश होतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या बाई रिकाम्या हाताने गेलेल्या असतात.

माणसं मोजण्यातही घोळ आहेच. एकाच माणसाचा फोन आणि ऑफिसचा कॉम्प्युटर म्हणजे दोन माणसं, आणि घरात एकच फोन वापरणारे चौघे मिळून एक. मोबाइल डेटावरून आलेल्याचं गाव तर अनेकदा भलतंच दिसतं.

मग लोकांनाच विचारू म्हणून सर्व्हेची खिडकी उघडतात. ती इंग्रजीत, दहा-बारा प्रश्नांची. ती भरतो कोण? ज्याला आधीपासून म्युझियमची आवड आहे आणि हाताशी वेळ आहे, तो. शाळेच्या प्रकल्पासाठी माहिती शोधणारी मुलं तर त्यात येतच नाहीत. 18 वर्षांखालच्यांची वैयक्तिक माहिती पालकांच्या संमतीशिवाय घेऊ नये, अशी तरतूद 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात आहे, आणि ती योग्यच आहे. पण म्हणून मुलांना काय हवं हे शोधायचंच नाही, असं नाही. त्यांच्या शिक्षकांना विचारता येतं.

जॉन फॉक हे अमेरिकन अभ्यासक म्युझियमला येणाऱ्यांबद्दल हेच मांडत आलेत की वय, शिक्षण यांपेक्षा माणूस त्या दिवशी कशासाठी आलाय ते बघा. रविवारी लेकीला फिरवायला आलेला बाप एरवी जुन्या नाण्यांच्या नादाने एकटाच येत असेल. दोन्ही वेळा त्याला वेबसाइटकडून वेगळं काही हवं असतं.

माझी मागणी छोटी आहे. एकच प्रश्न ठेवा, 'आज इथे कशासाठी आलात?', मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. नाव नको, नंबर नको. खाली चार-पाच पर्याय आणि 'हवं ते मिळालं का?' एवढंच. रिपोर्ट त्या उत्तरांप्रमाणे वेगवेगळा करा, म्हणजे वेळ बघणारी आई आणि सहल ठरवणाऱ्या बाई एकाच सरासरीत जाणार नाहीत. शिवाय फोन उचलणाऱ्या कर्मचाऱ्याला एक वही द्या आणि लोक काय विचारतात ते लिहून ठेवायला सांगा. वेबसाइटवर जे सापडत नाही, ते सगळं त्या वहीत येईल.

शिक्षक मंडळींनो, सहल ठरवताना तुम्हाला वेबसाइटवर काय सापडलं नाही, ते खाली लिहा. ती यादी घेऊन मी ओळखीच्या संग्रहालयांकडे जाणार आहे.