‘चलना’ म्हणजे नेमकं काय चलना?

रात्री पावणेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. मॉनिटरचा. तिरका, वर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा, कोपऱ्यात चहाचा ग्लास. खाली कोकणीत दोन शब्द: ‘चलना मरे.’ चालत नाही रे.

अरे, काय चलना? कधीपासून चलना? काय दाबल्यावर चलना?

हा माझा गोव्यातल्या फोंड्याचा मित्र. जत्रेच्या नाटकांच्या संहिता ईमॅक्स नावाच्या टेक्स्ट एडिटरमध्ये टाइप करतो. तो एडिटर मीच त्याला बसवून दिला, त्याचं पाप आता फेडतोय. हाच माणूस गाडी गॅरेजला नेतो तेव्हा कसा बोलतो ऐका: ‘मोले सोडून अनमोड घाट चढायला लागलं की तिसऱ्या गिअरला खट् आवाज येतो, दुसऱ्याला येत नाही.’ याहून चांगला बग रिपोर्ट, म्हणजे बिघाडाची तक्रार, मी जन्मात वाचलेला नाही! मग कॉम्प्युटरसमोर बसल्यावरच वाचा का जाते?

ईमॅक्स 1985 पासून लोकांना फुकट मिळतोय. बग कसा कळवावा यावर त्याच्या मॅन्युअलमध्ये आख्खा विभाग आहे. सार एवढंच की काय केलंत, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं ते लिहा. कारण काय असेल याचे तर्क लढवू नका. ऑल्ट-एक्स दाबून ‘रिपोर्ट-ईमॅक्स-बग’ म्हटलं की आवृत्ती कुठली, सिस्टीम कुठली हे तो स्वतःच भरून देतो. मान्य, ते शेवटी ईमेलनं जातं, आणि एडिटरमध्ये मेल सेट नसेल तर माणूस तिथंही अडतो. पण आमचं घोडं तिथवर पोचतच नाही.

फोन केला. म्हटलं, आधी मायनस क्यू लावून उघड, म्हणजे तू इकडून-तिकडून चिकटवलेल्या सेटिंग्ज बाजूला पडतील. मोठा क्यू. त्यानं छोटा टाकला. परत. मग कळलं, ‘वाऱ्यावर’ हा शब्द शोधला तर सापडत नाही, डोळ्यांसमोर असून! खाली काय लिहून येतं विचारलं. ‘फेलिंग आय-सर्च.’ शोध फसला. म्हणजे ज्या एका ओळीत सगळं होतं, नेमकी तीच ओळ फोटोत कापली होती. चहाचा ग्लास मात्र पूर्ण आलाय.

त्या ‘ऱ्या’वर कर्सर ठेवून कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स आणि बरोबरचं चिन्ह दाबायला लावलं, म्हणजे अक्षर आतून कशाचं बनलंय ते ईमॅक्स दाखवतो. झालं उघड. जुन्या फायलीतून पेस्ट केलेल्या शब्दात साधा र, हलन्त आणि जोडक, म्हणजे अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह. यानं टाइप केलेल्यात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. डोळ्यांना दोन्ही एकच, मशीनला वेगळे. बग नव्हताच! ‘शब्द दिसतो पण शोधल्यावर सापडत नाही’ एवढं लिहिलं असतं तर दोन मिनिटांत सुटलं असतं. बारा वाजून गेले.

वर म्हणतो, ‘फुकटचं ते असंच.’ फुकटचं? माझी झोप काय सरकारी अनुदानावर आहे?

आज सकाळी सातला त्याची व्हॉइस नोट आलीय. दोन मिनिटं चाळीस सेकंद. उघडलेली नाही.