आईची खोली, ७४९ चौरस फूट

बाबा गेल्यावर आई सांगलीहून कायमची आमच्याकडे कॅलिफोर्नियात आली. तिला स्वतःचं दार हवं होतं, स्वतःचा ओटा हवा होता. म्हणून बॅकयार्डात एडीयू, म्हणजे मुख्य घराच्याच आवारातलं छोटं स्वतंत्र घर, बांधायला घेतलं. बांधकामाच्या खर्चाची तयारी होती, पण फीचं गणित कळलं ते आराखडा काढून झाल्यावर.

पहिला आराखडा ८०० चौरस फुटांचा. २०२० पासून इथे ७५० चौरस फुटांपेक्षा लहान एडीयूवर इम्पॅक्ट फी, म्हणजे रस्ते-बागांसाठी नव्या बांधकामाकडून घेतली जाणारी रक्कम, लावता येत नाही. ७५०च्या पुढे मुख्य घराच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात लागते. आमचं घर १६०० चौरस फुटांचं, म्हणजे ८००ला निम्मी फी आणि ७४९ला शून्य! आम्ही ७४९ केलं. त्यात गेली ती न्हाणीघराबाहेरची मोकळी जागा, जिथे आईचा वॉकर सहज वळला असता. याचं मला अजून वाईट वाटतं.

बरं, इम्पॅक्ट फी माफ झाली म्हणजे सगळं सुटलं असंही नाही. शाळेच्या फीचा नियम वेगळा आहे. ती ५०० चौरस फुटांच्या वर लागतेच, तीही दर चौरस फुटामागे. सीवरचं, म्हणजे सांडपाण्याचं, खातं वेगळं, पाण्याचं वेगळं. गॅरेजचंच एडीयू केलं असतं तर नव्या जोडणीचे पैसे सहसा मागता येत नाहीत, पण आमचं सुटं बांधकाम. सीवरवाल्यांनी पहिला आकडा दिला तो अख्ख्या नव्या घराचा. कायदा सांगतो की ही रक्कम एडीयूच्या आकाराच्या किंवा त्यातल्या नळ-मोऱ्यांच्या प्रमाणात हवी. आम्ही एक सिंक, एक बेसिन, एक शॉवर, एक कमोड असं मोजून पत्र लिहिलं, तेव्हा आकडा खाली आला. ज्याला हे कलम माहीत नाही, तो पहिलाच आकडा भरून मोकळा होतो. विजेचं पॅनेल १०० अँपचं २०० करावं लागलं, तो खर्च आणखी निराळा.

फी नकोच, असं मी म्हणत नाही. सांडपाणी कुठेतरी जाणार, बागेत कुणीतरी बसणार. पण हा भार नव्या बांधकामावर इतका का पडतो? १९७८च्या प्रपोझिशन १३ने, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्याने, मालमत्ता कर मूल्याच्या १ टक्क्यावर बांधला आणि करपात्र मूल्याची वाढ वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के ठेवली. गावांचा हात आखडला, मग वसुलीचा मोर्चा नवं बांधणाऱ्याकडे वळला. इथल्याच एल डोराडो काउंटीत एका गृहस्थाच्या कारखान्यात बनवून आणलेल्या साध्या घरावर २३,४२० डॉलरची वाहतूक फी लागली. त्याचा खटला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२४ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितलं की अशी फी कायदेमंडळाने ठरवलेली असली, तरी तीही घटनेच्या कसोटीतून सुटत नाही.

माझं म्हणणं एवढंच: ७५०च्या पुढे गेल्यावर फक्त वरच्या जागेवर फी घ्या. ८००ला ५० चौरस फुटांची, मी आनंदाने भरली असती. आणि सिटी, सीवर, पाणी, शाळा या सगळ्यांचा एकत्र लेखी अंदाज आराखड्याआधी हातात द्या.

ज्यांना आईवडिलांसाठी बांधायचंय, त्यांनी आर्किटेक्टला पैसे देण्याआधी या चारही ठिकाणी ईमेल करून उत्तर लेखी मागा. आमचं सीवरला लिहिलेलं पत्र हवं असेल तर मेसेज करा, नक्की पाठवेन.