पालथं घातलं की नळी निघते? त्या ऑडिओला उत्तर

नंदगडच्या माझ्या मावशीचं मुतखड्याचं ऑपरेशन ठरलं होतं. रक्त तपासून झालं, बेळगावच्या दवाखान्यात भरतीही झाली, आणि आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, "नको गं मला. पालथं घालतात म्हणे, नळी निघते आणि माणूस झोपेतच जातो."

हे तिनं एका ऑडिओत ऐकलं होतं. खानापूर, निपाणी, बेळगाव, सगळीकडच्या ग्रुपवर तो फिरतोय. त्याचं म्हणणं असं : पूर्ण भूल देऊन घशात नळी घालतात ती बिल वाढवायला. पालथं करताना ती निसटते आणि कुणाला कळत नाही, कारण भूल देणारे डॉक्टर तोवर निघून गेलेले असतात. म्हणून हट्टानं कमरेतलंच इंजेक्शन घ्या. मी चौदा वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये भूल विभागाची टेक्निशियन आहे, म्हणून लिहिते.

आधी नळी कशाला, ते. पूर्ण भुलेत स्नायू सैल पडतात, श्वास आपला आपण चालत नाही, पोटातलं वर आलं तर फुप्फुसात जाऊ शकतं. नळी श्वासाची वाट उघडी ठेवते आणि तिच्या टोकाजवळचा छोटा फुगा ती वाट बंदिस्त करतो. ऑपरेशन संपून पेशंट नीट श्वास घेऊ लागला की बहुतेक वेळा ती तिथेच, टेबलावरच काढतात.

आता पालथं करण्याचं. नळी सरकू शकते, हे खरं आहे, आणि आम्हाला ते पक्कं ठाऊक आहे. मान खाली वाकली तर नळीचं टोक आत जातं, मान मागे गेली तर बाहेर येतं. मोठ्या माणसात हा फरक दोनेक सेंटिमीटरचा असू शकतो. म्हणून नळीवरचा आकडा दाताशी बघून लिहून ठेवतात, बाईला साधारण २१, पुरुषाला २३. लाळेनं चिकटपट्टी सुटते, म्हणून लाळ कमी करणारं औषध देतात. दाढीवर पट्टी धरत नाही. दाढी काढायला सांगितली तर रागावू नका.

पेशंटला वळवताना भूलतज्ज्ञ डोक्याशी उभे असतात, एक हात नळीवर, दुसरा डोक्याखाली. आम्ही चौघं-पाचजणं अंगाला धरून. त्यांनी सांगितल्याशिवाय कुणी हलत नाही. आमच्याकडे मोजणी कानडीत होते : ओंदू, येरडू, मूरू. 'मूरू'ला सगळे एकदम वळवतात. लगेच दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप लावून हवा सारखी जाते का ते ऐकतात, मग डोळे, कोपर, छाती कुठे दबत नाही ना ते बघतात. ट्रॉली हाताशी ठेवलेली असते, गरज पडली तर पेशंटला परत उताणा करायला.

"कुणाला कळत नाही" हे तर साफ खोटं. मॉनिटरवर प्रत्येक श्वासाबरोबर बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची लाट उमटते. मिनिटाला बारा श्वास धरले तर दर पाच सेकंदांनी एक. नळी निघाली की दोन-चार श्वासांतच ती लाट मोडते आणि अलार्म वाजतो. बोटावरच्या चिमट्यातला ऑक्सिजनचा आकडा त्याच्या बराच नंतर पडतो.

डॉक्टर निघून जातात? पूर्ण भूल चालू असताना भूलतज्ज्ञानं पेशंटजवळ असलंच पाहिजे. कुणी जात असेल तर तो घोर हलगर्जीपणा आहे. आदल्या दिवशी सरळ विचारा : भूल कोण देणार, शेवटपर्यंत थांबणार ना? विचारायचा तुम्हाला हक्क आहे. संमतीचा फॉर्म कानडीत किंवा इंग्रजीत असला तर मराठीत समजावून घ्या, तोवर सही करू नका.

कमरेतलं इंजेक्शन चांगलंच असतं, जिथे चालतं तिथे. पण त्याचा असर साधारण दोन-तीन तास. त्याहून लांबलेल्या ऑपरेशनात पालथ्या पेशंटला मध्येच कळा आल्या, तो हलला, तर आधी न घातलेली नळी त्या अवस्थेत घालणं फार अवघड.

खरी भीती वेगळीच आहे, आणि तिच्यावर ऑडिओत एक शब्द नाही. आमच्या भागात गुटखा, सुपारी, मिश्री घरोघरी. गुटख्या-सुपारीनं तोंड आखडतं. तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर नळी घालणं कठीण होतं, आणि लोक हे लपवतात. सकाळचा दुधाचा चहा "घोटभरच" म्हणून लपवतात. त्यालाही सहा तास उपास लागतो, नुसत्या पाण्याला दोन.

मावशीला हेच सांगत बसले. रात्री भूलतज्ज्ञ तपासायला आले तेव्हा ती तोंडावर पदर धरून म्हणाली, "डॉक्टर, वरचा पुढचा दात हलतोय. मिश्री लावते मी." त्यांनी टॉर्च मारून दात बघितला आणि कागदावर लिहून घेतला. ऑपरेशननंतर तिचा घसा दोन दिवस बसला होता.